दोन रांगांतली मशेरी

हुबळीतल्या आमच्या रुग्णालयाच्या स्त्री-शस्त्रक्रिया वॉर्डात, नोंदींप्रमाणे, खिडकीकडच्या रांगेतल्या जवळजवळ निम्म्या बायका मशेरी लावत होत्या. भिंतीकडच्या रांगेतली एकही बाई लावत नव्हती.

खाट जशी रिकामी होईल तशी दिली जाते. दाजीबानपेठेतल्या एका व्यापाऱ्याची बायको खिडकीकडे आणि नंतर आलेली तिची सख्खी जाऊ भिंतीकडे, असेही घडलेले आहे. वय, जात, गाव, आजार यांपैकी कशावरूनही रांग ठरत नाही.

ही गोष्ट माझ्यापुढे प्रथम मांडली गेली ती कोडे म्हणून नव्हे, आरोपाचा पुरावा म्हणून. मांडली डॉक्टर प्रभंजन यांनी. ते आमचे शल्यचिकित्सक आणि वैद्यकीय अधीक्षकही. मी प्रयोगशाळेत जीवरसायन विभाग पाहते आणि नेमणुकांच्या समितीवर आहे, म्हणून त्यांच्या खोलीत मला बोलावले होते. टेबलासमोरच्या खुर्चीत निखिल बसला होता. दाजीबानपेठेत त्याच्या वडिलांचे कापडाचे घाऊक दुकान आहे. त्याची आई रुक्मिणीबाई पोटाच्या हर्नियासाठी दाखल झाली होती आणि तिची शस्त्रक्रिया महिनाभर पुढे ढकलून तिला घरी पाठवण्यात आले होते. दाराजवळ सस्मिता नावाची नर्स उभी होती. खोलीत एक खुर्ची रिकामी होती. तिला बसायला कोणी सांगितले नव्हते.

"माझ्या आईला तुम्ही तंबाखूखाऊ लिहिलंय," निखिल म्हणाला. "आमच्या दुकानात गिऱ्हाइकानं नुसती पुडी काढली तरी अप्पा त्याला पायरी उतरायला लावतात. त्या घरातली बाई मशेरी लावंल होय? आणि त्याच्यावर तुम्ही ऑपरेशन पुढं ढकलता! हिला आमची भाषा कळत नाही, त्याला आम्ही काय करायचं?"

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. तिची पूड बोटाने दातांवर घासतात. तिच्यातले निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, रक्तवाहिन्या आकसतात आणि टाके भरून यायला वेळ लागतो. म्हणूनच तातडीची नसलेली शस्त्रक्रिया काही आठवडे थांबवतात. थांबवण्याचा निर्णय डॉक्टर प्रभंजन यांचाच होता आणि तो योग्य होता. आता ते त्या निर्णयाच्या आधारालाच चूक म्हणायला निघाले होते.

"सस्मिता, पेशंट नेमकं काय म्हणाल्या?" त्यांनी विचारले.

"पेशंटने जो बताया, वही लिखा है, सर."

"कुठल्या शब्दांत?"

तिने निखिलकडे पाहिले. "इनके सामने नहीं बोलूँगी."

"ऐकलंत?" डॉक्टर आमच्याकडे वळले. "शब्द सांगता येत नाहीत, कारण शब्द कळलेच नव्हते. आणि ही एकच केस नाही. खिडकीची रांग हिच्याकडे, भिंतीची दीपालीकडे. दोघी तोच प्रश्न विचारतात. दीपालीच्या रांगेत मशेरी शून्य, हिच्या रांगेत निम्म्या बायका. फरक कशाचा? भाषेचा."

दीपाली केशवापुरात वाढली. घरात मराठी आणि दारात कन्नड, या वाक्यातून त्या वाक्यात ती दोन्हींची सरमिसळ करते, जशी आम्ही सगळेच करतो. सस्मिता ओडिशातल्या बलांगीरची. तिला ओडिया, हिंदी आणि इंग्रजी उत्तम येते आणि बंगाली वाचता येते. डॉक्टरांनी खणातून जो मसुदा काढला, त्यात नर्सपदाच्या अर्जदाराला 'दोन भाषा' येणे अनिवार्य म्हटले होते. त्या दोन म्हणजे कन्नड आणि मराठी. कंत्राटी नर्सनाही नूतनीकरणाच्या वेळी तीच अट. सस्मिताचे कंत्राट महिनाअखेरीस संपत होते. तीन भाषा बोलणारी आणि चौथी वाचणारी मुलगी 'भाषा येत नाही' म्हणून घरी जाणार होती.

नर्सला रुग्णाची भाषा यावी, यात मला शंका नाही. 'छातीत भरून आलंय' आणि 'पोटात कालवतंय' यांतला फरक जिला कळत नाही, तिच्या हाती रात्रपाळी देणे धोक्याचे आहे. रुग्णालयाने सस्मिताला नेमताना याचा विचार करायला हवा होता. नेमल्यावर तिने कन्नडचा वर्ग मागितला, तेव्हा निदान उत्तर तरी द्यायला हवे होते. पण औषध चांगले आहे म्हणून ते कोणत्याही आजारावर देत नाहीत. इथे आजार कोणता, हे कोणी तपासले नव्हते.

निखिल गेल्यावर मी म्हणाले, "डॉक्टर, भाषा न कळणारा माणूस सगळीकडे चुकतो. मधुमेह, रक्तदाब, आधीची बाळंतपणं, औषधांची ॲलर्जी, यांत दोन्ही रांगा सारख्याच आहेत. फक्त तंबाखूपुरती न कळणारी भाषा मला माहीत नाही."

"मेधाक्का, जेवणात मीठ जास्त झालं तरी तुम्ही आमटी तपासायला पाठवाल."

"दोघांना दोन चवी लागल्या तर पाठवीन."

"त्याला वेळ आहे का कुणाला इथं?"

"एका मुलीची नोकरी घालवायला आहे, तर आमटीलाही असेल."

ते हसले आणि "करा काय करायचं ते" म्हणाले. मी ते शब्दशः घेतले.

निकोटिन शरीरात गेले की त्याचे कोटिनिन होते आणि ते लघवीत उतरते. लघवीचे नमुने शस्त्रक्रियेआधी आमच्याकडे येतातच. नैतिकता समितीची परवानगी घेऊन, तपासणीनंतर उरलेल्या नमुन्यांवरची नावे काढून, फक्त रांग लिहून आम्ही कोटिनिन पाहिले. तपासणाऱ्या तंत्रज्ञालाही रांगांचा अर्थ सांगितला नव्हता.

दोन्ही रांगा सारख्या निघाल्या. खिडकीकडे निम्म्याच्या आसपास, भिंतीकडेही निम्म्याच्या आसपास. सस्मिताने लिहिलेले प्रमाण लघवीत उतरलेल्या प्रमाणाशी जुळत होते. भिंतीकडच्या रांगेचे शून्य खोटे होते.

हे मी डॉक्टर प्रभंजन यांना दाखवले. "म्हणजे दीपाली विचारतच नसणार," ते म्हणाले.

मला जो संताप आला तो इथे. एका मुलीवरचा दोष त्यांनी उचलला आणि हात झटकायच्या आत दुसरीवर ठेवला. अटीचा मसुदा मात्र टेबलावर होता तिथेच राहिला. पहिल्या निष्कर्षासाठी पुरावा लागला नव्हता. तो खोटा ठरल्यावर दुसऱ्यासाठीही लागला नाही.

दीपालीला हे कळायला वेळ लागला नाही. ती प्रयोगशाळेत आली ती रागानेच. "अक्का, मी प्रत्येकीला विचारते. बसा माझ्या वॉर्डात आणि ऐका."

मी बसले. दुपारच्या भेटीच्या वेळेत भिंतीकडच्या रांगेत मंगला नावाच्या एक बाई नव्याने आल्या होत्या. सोबत नणंद. दीपालीने नाव, वय, आजार विचारले आणि मग तोच प्रश्न.

"मावशी, मशेरी, तंबाखू काही?"

"आधी तू सांग, कुणाची गं तू?"

"केशवापुरात राहते. मशेरी लावता का?"

"केशवापुरात कुठं? तिथं ती वैशाली असते बघ, पिठाच्या गिरणीजवळ..."

"वैशाली माझी आत्या."

"अगंबाई!" मंगलाबाई नणंदेकडे वळल्या. "आपल्या भिशीतल्या वैशालीची भाची ही! म्हणजे तू धाकट्या भावाची. लग्न ठरलं का गं तुझं?"

"मावशी, मशेरी."

"शिव शिव! आमच्या घरात कुणी शिवत नाही. तुझ्या आत्यालाच विचार हवं तर."

बोलताना उजव्या हाताची तर्जनी त्यांनी पदरात गुंडाळून धरली होती. दीपालीने 'नाही' लिहिले. तिने प्रश्न तीनदा विचारला होता. याहून नीट तो विचारता येत नाही.

खिडकीकडे सस्मितासमोरही एक नवी बाई होती. सोबतची सून थोडा वेळ थांबली, मग "हिच्याशी बोलायचं तरी काय" असे म्हणत चहाला गेली. सस्मिता वाकली आणि स्वतःचे बोट दातांवर फिरवून तिने भुवया उंचावल्या. बाईने दाराकडे पाहिले आणि तिला हसू फुटले.

"तू बी लावतीस?"

"मेरी नानी. हमारे उधर गुडाखू बोलते हैं. सुबह नहीं मिला तो पूरा घर सिर पे."

"आमच्याकडं बी तसंच की!" उशीखालून एक छोटी पत्र्याची डबी निघाली. "किसीको बोलना नहीं हां, बाई."

"नहीं बोलूँगी. पर ऑपरेशन तक बंद."

डबी सस्मिताच्या खिशात गेली. सगळे मिळून दोन-तीन वाक्ये, तीही मोडक्या हिंदीत, आणि उरलेले बोटाने. तरी माहिती खरी होती.

मी दोघींच्या रांगा बदलायला सांगितल्या. दोन आठवड्यांत मशेरी भिंतीकडे गेली आणि खिडकीकडची रांग निर्व्यसनी झाली. याच काळात दीपाली काही दिवस रजेवर होती आणि तिच्या जागी वेदश्री नावाची नर्स आली. ती नांदेडची, मराठी अस्सल, कन्नड कामापुरते, हुबळीत येऊन थोडेच दिवस झालेली. तिलाही बायका मशेरीबद्दल सांगत होत्या. म्हणजे मराठी येण्याने बायका खोटे बोलत नव्हत्या. केशवापूरच्या दीपालीशी त्या खोटे बोलत होत्या.

त्यांना दीपालीची कसली भीती होती, हे ना लघवीत सापडले असते ना रांगांच्या अदलाबदलीत. ते विचारावेच लागणार होते.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रुक्मिणीबाई शस्त्रक्रियेसाठी परत आल्या. सकाळी खाटेजवळ कोणी नव्हते. मी माझे काम सांगितले आणि विचारले, "त्या ओडिशाच्या मुलीला मशेरीबद्दल तुम्ही सांगितलं होतं का? नसेल सांगायचं तर नका सांगू."

त्यांनी मला आधी नीट न्याहाळले. "तुम्ही कुठल्या?"

"धारवाड. सप्तापूर."

"हुबळीत कोण तुमचं?"

"कोणी नाही."

"मालकांचं कुणी? पेठेत, केशवापुरात?"

"नाही."

"मग सांगते," त्या म्हणाल्या. "सांगितलं की तिला. ती कुणाला सांगणार? तिला आमच्या पेठेत कोण ओळखतं?"

"दीपाली असती तर?"

"नसतं सांगितलं. पोरगी चांगली आहे हो, गुणाची आहे. पण तिची आत्या आहे, आई आहे. इथलं बोललेलं घरी पोचतंच."

"दीपालीनं कुणाचं काही बाहेर सांगितलेलं तुम्ही ऐकलंय?"

त्यांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे मला दिसत होते. "नाही. तिचं तसं कधी ऐकलं नाही."

"मग पोचवतं कोण?"

"कोण काय? तुमचे मोठे डॉक्टर! निखिलला लिफ्टपाशी गाठून सांगितलं, 'तुमच्या आईंना मशेरी बंद करायला सांगा.' कन्नडमध्ये, चार लोकांदेखत. मी चाकाच्या खुर्चीत तिथंच बसलेली. मला कुणी एक शब्द विचारला नाही. पोरगा तोंडात मारल्यासारखा उभा. मग मी म्हटलं, बाबा, त्या नर्सला भाषा कळली नसंल. सुनेचं पोट पडलं तेव्हाही तसंच. आधी निखिलला सांगितलं, मग तिला. आजारी पडायचं आम्ही आणि ऐकायचं पुरुषांनी."

मी त्यांना एवढेच सांगितले की त्या मुलीचे कंत्राट या महिन्यात संपते आणि त्या तक्रारीमुळे ते पुन्हा होणार नाही. त्यांनी काय करावे हे मी सांगितले नाही. तो माझा अधिकार नव्हता. माझे तोंड आधीच बांधलेले होते: सस्मिताला निर्दोष ठरवायचे तर निखिलला त्याच्या आईचे गुपित सांगावे लागले असते. जी चूक मी शोधत होते तीच मला करावी लागली असती. सस्मिताने त्या दिवशी अधीक्षकांच्या खोलीत ती केली नव्हती आणि त्याची शिक्षा ती भोगत होती.

निखिल खालून औषधे घेऊन आला, तशी रुक्मिणीबाई उठून बसल्या.

"निखिल, ती तक्रार मागं घे."

"कुठली?"

"मशेरीची. लावते मी."

"आई!"

"तुझ्या जन्माआधीपासनं लावते. अप्पांना ठाऊक नाही, तुला ठाऊक नाही. आता ठाऊक झालं."

"आई, हळू बोल गं, लोक आहेत."

"का? लिफ्टपाशी डॉक्टर हळू बोलले होते? तेव्हा तू म्हणालास का त्यांना, लोक आहेत म्हणून?"

निखिलने माझ्याकडे पाहिले, मग शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे. तिने चादर तोंडावर ओढली होती आणि चादर हलत होती. "आणि प्रियांका?" त्याने बायकोबद्दल खालच्या आवाजात विचारले. "तिला माहीत आहे?"

"डबी कोण भरून आणतं असं वाटतं तुला?"

त्या दिवशी संध्याकाळी त्याने तक्रार मागे घेतली. काढता पाय घेणाऱ्या माणसासारखा तो आला, सही केली आणि निघाला. जाताना मात्र सस्मिताजवळ थांबून "चुकलं आमचं, सिस्टर," असे म्हणाला. त्या सबंध प्रकरणात एवढे बोलणारा तो एकटाच.

समितीची बैठक दुसऱ्या दिवशी झाली. डॉक्टर प्रभंजन यांनी मोठ्या मनाने जाहीर केले की तक्रार उरलेली नसल्याने सस्मिताचे नूतनीकरण करण्यास त्यांची हरकत नाही. ते झाले. मग ते म्हणाले, "अट मात्र राहू दे. जाहिरात वर्तमानपत्रात गेलीय. लोकांना बरं वाटतं."

"अट कोणत्या आजारावर आहे?" मी विचारले. "रांगांमधला फरक भाषेचा नव्हता, हे तुमच्यापुढे आहे."

"भाषा नको म्हणता?"

"हवी म्हणते. पगारी वेळेत शिकवा आणि मग परीक्षा घ्या. पण त्याने दीपालीकडची रांग खरं बोलू लागेल असं लिहू नका. रुक्मिणीबाईंचं तुम्ही त्यांच्या मुलाला सांगितलंत."

"नातेवाइकांना सांगतोच आपण. सगळे सांगतात. ती पद्धत आहे."

"त्यांना विचारलं होतंत?"

"मेधाक्का, बायकांना काय विचारायचं त्यात? बिचाऱ्या घाबरतात."

अट मंजूर झाली. विरोधात माझे एक मत पडले. निष्कर्ष कारणांसकट नोंदवावा, एवढा माझा आग्रह मान्य झाला. तो असा.

आमच्या रुग्णालयात बाईने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट तिला न विचारता तिच्या घरच्या पुरुषाला सांगितली जाते. हे बायकांना अनुभवाने माहीत आहे. म्हणून जिच्यामार्फत गोष्ट घरी पोचेल असे वाटते त्या नर्सपाशी त्या खोटे बोलतात आणि जिचे गावात कोणी नाही तिला खरे सांगतात. दीपालीबद्दलचा त्यांचा अंदाज चुकीचा होता, तिने कधी काही बाहेर नेलेले नाही. सस्मिताबद्दलचा बरोबर होता, पण तिला सांगून त्यांचा उपयोग झाला नाही, कारण तिने जे कागदावर लिहिले ते डॉक्टरांनी वाचले आणि लिफ्टपाशी सांगून टाकले. रुग्णाची गोष्ट घरी नेणारी व्यक्ती दोघींपैकी कोणतीही नर्स नव्हती. ते डॉक्टर होते, आणि त्यांना कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा उत्तम येतात.